बटण कुठे ठेवायचं, याची नोकरी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्या मंडळींनी विचारलं, "मुलगी करते काय?" वडील छाती फुगवून म्हणाले, "डिझायनर आहे." सोलापुरात हे उत्तर ऐकल्यावर कोणीही जो पुढचा प्रश्न विचारेल तोच त्यांनी विचारला, "चादरी की टॉवेल?" माझे वडील स्वतः चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे, तेव्हा प्रश्न गैर नव्हता. मी आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं, "कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं." बाहेरून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा आवाज आला, "म्हणजे कव्हर का?"

लग्न झालं. सासरे शेवटपर्यंत याच समजुतीत होते की सून कव्हरं शिवते आणि त्यासाठी पुण्याची कंपनी तिला पगार देते. एकदा तर त्यांनी घरच्या टीव्हीचं माप कागदावर लिहून माझ्या हातात ठेवलं. मीही बिचाऱ्यांचा हिरमोड नको म्हणून शेजारच्या टेलरकडून कव्हर शिवून आणलं. माझ्या कामाचं घरात एवढं कौतुक त्याआधी आणि त्यानंतर कधी झालं नाही.

तर मी खरोखर काय करते ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही मापं घेऊन येणार नाही. माझी कंपनी मालवाहतुकीची आहे. नाव लिहीत नाही, कारण अजून नोकरी तिथेच आहे. गाड्या भरपूर, शाखा भरपूर आणि खाती त्याहून भरपूर. गाड्यांच्या फेऱ्यांचं सॉफ्टवेअर एकाने केलेलं, टायरचं दुसऱ्याने, डिझेलचं तिसऱ्याने, रजेचं मालकांच्या कुठल्याशा मित्राच्या मुलाने. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रजेच्या स्क्रीनवर 'मंजूर' डावीकडे आणि 'नामंजूर' उजवीकडे, तर डिझेलच्या स्क्रीनवर बरोबर उलट. एकीकडे तारीख आधी, तर दुसरीकडे महिना आधी. एका खात्यात हिरवं बटण म्हणजे 'ठेवून दे', दुसऱ्यात हिरवं बटण म्हणजे 'संपवून टाक'. आणि हे सगळं एकाच टेबलावरचा एकच माणूस दिवसभर आलटून पालटून वापरणार.

माझं काम डिझाइन सिस्टिमचं. ती म्हणजे या पसाऱ्यासाठी केलेलं एकच तयार सामान. बटण असं, तारखेची चौकट अशी, धोक्याची सूचना अशी, प्रत्येकाची जागा ही आणि रंग हा. कोणत्याही खात्याने नवीन स्क्रीन करायची झाली की याच सामानातून उचलायचं, आपलं डोकं लावायचं नाही. वडिलांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे काठ सगळ्यांचा एकच, आणि मधलं ज्याने त्याने आपलं विणायचं." मी म्हटलं, "अगदी बरोबर." तर म्हणाले, "मग एवढ्यासाठी पुण्याला कशाला गेलीस?"

खरं तर मी पुण्याला फार दिवस राहिलेही नाही. वडिलांना बरं नसायचं म्हणून मी सोलापूरच्या शाखेतून काम करायची परवानगी मागितली. हेड ऑफिसने ती लगेच दिली. मला वाटलं, माझी किंमत कळली. नंतर कळलं की सगळ्यात जास्त चुका सोलापूरच्या शाखेत होत होत्या आणि कोणीतरी तिथे बसून "लोक नेमकं काय करतात" ते बघायला हवं होतं. पुण्यातल्या कोणालाही सोलापूरच्या उन्हात बसून ते बघायचं नव्हतं.

आमची शाखा सात रस्त्याजवळ, पहिल्या मजल्यावर. खाली बांगड्या-टिकल्यांचं दुकान. वर गेल्यावर पहिलंच टेबल शमीम आपांचं. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर ओढणी, कानाला फोन कायमचा चिकटलेला. गाड्या सोडणं, गाड्या पोचल्याची नोंद करणं, टायरचे नंबर भरणं, डिझेलची कार्डं चालू-बंद करणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पुण्यावरनं आलाव म्हनं? आमच्या चुका मोजाया?"

मी म्हटलं, "नाही आपा. बघायला आलेय. आणि मी सोलापूरचीच आहे."

"मग तर लई बेस झालं," त्या म्हणाल्या. "पुन्याचा मानूस चुका मोजून जातो तरी. तुमी मुक्कामालाच हाय की."

त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले तर स्क्रीनच्या काचेवर टिकल्या. खरोखरच्या, कपाळावर लावायच्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल गोल टिकली, तिच्या थोडं वर काळी, डावीकडे एक लांबट हिरवी. मला वाटलं, कोणीतरी पोरीने लावलं असेल. आपांनी समजावलं. लाल गोल म्हणजे टायरच्या स्क्रीनवर इथे दाबायचं. काळी म्हणजे इथे चुकूनही बोट न्यायचं नाही. लांबट हिरवी डिझेलची. शाखेतल्या सगळ्या स्क्रीन अशाच सजलेल्या होत्या. शोध आपांचा, बाकीच्यांनी तो उचललेला. आपा स्वतः टिकली लावत नाहीत, पण खालच्या दुकानातून पाकिटं मात्र नियमाने नेत. दुकानवाली दर वेळी हसून विचारायची, "आपा, कोणासाठी वो?" आणि आपा सांगायच्या, "आमच्या कॉम्प्युटरची ओटी भरायची हाय."

मी त्या टिकल्यांचा फोटो पुण्याला पाठवला. तिकडून उलट विचारणा आली की सोलापूरला आज कोणता सण आहे.

आता घोटाळा नेमका कसा व्हायचा ते सांगते. टायरच्या स्क्रीनवर खालच्या उजव्या कोपऱ्यात 'जतन करा'. आणि गाड्यांच्या स्क्रीनवर अगदी त्याच कोपऱ्यात, त्याच हिरव्या रंगात, 'फेरी बंद करा'. आपा टायरचे नंबर भरत बसलेल्या. जतन, जतन, जतन. हात त्या कोपऱ्याला सरावलेला. मधेच कोणा ड्रायव्हरचा फोन येतो, त्याची गाडी कुठे आहे ते बघायला गाड्यांची स्क्रीन उघडतात, एकीकडे बोलतात, आणि हात सवयीने कोपऱ्यात जातो. फेरी बंद. फेरी बंद झाली की कंपनीच्या मते गाडी पोचली. गाडी पोचली की ड्रायव्हरचं डिझेल कार्ड आपोआप थांबतं. गाडी मात्र रस्त्यावरच असते, कारण तिला हे कोणी सांगितलेलं नसतं.

माझ्या समोरच एकदा झालं. हणमंत नावाचा ड्रायव्हर भाजीची गाडी घेऊन पुण्याला निघाला होता. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आपांनी स्पीकरवर टाकला.

"आपा, कार्ड चालंना झालंय. मोहोळच्या पंपावर हुबा हाय."

"आरं परत घासून बग की."

"धा बारी घासलं. पंपावाला म्हंतोय तुमी पोचलाव. म्या म्हनलं, पोचलो आसतो तर हितं कशाला झक मारत बसलो आसतो? कोथिंबिरीनं मान टाकलीय, आपा. माझी बी पडाया आलीय."

आपांना चुकीबद्दल आधी एक मेमो मिळालेला होता, हा दुसरा ठरला. आणि आमच्याकडचा नियम सगळ्यांना पाठ होता: तिसऱ्या मेमोला करमाळा.

करमाळ्याच्या वाचकांनी रागावू नये. मी कमलाभवानीच्या दर्शनाला दर वर्षी जाते आणि गावाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या कंपनीची तिथली शाखा म्हणजे बाजाराच्या कडेला पत्र्याची शेड, एक टेबल आणि एक पंखा. तिथे कोणी आपणहून जात नसे. त्यामुळे जागा कायम रिकामी आणि शिक्षेला कायम सोयीची. आपांच्या बाबतीत तर करमाळा म्हणजे राजीनामाच. ऑफिसच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घरात दोघीच बहिणी. थोरल्या बहिणीला अर्धांगवायू झालेला, ती अंथरुणाला खिळून. आपा दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या, तिला भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि परत यायच्या. जेवायच्या की नाही, कोण जाणे. रोज एवढ्या लांब करमाळ्याला जाऊन येऊन हे कसं जमणार?

त्या दिवशी आपा मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, ते बटण तेवडं हलवा. बाकी तुमची सिस्टिम का फिस्टिम निवांत करा."

बटण हलवणं ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. ते हलवायला मला पुण्यात बैठका घ्याव्या लागल्या. पहिल्या बैठकीला सगळ्या खात्यांचे प्रमुख आले आणि सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, "कल्पना छान आहे, पण आमचं खातं वेगळं आहे." डिझेलवाल्यांचं वेगळं, कारण त्यांच्या माणसांची बोटं जाड. हिशेबवाल्यांचं वेगळं, कारण ते हिशेबवाले. मनुष्यबळ खात्याचे लिमयेसाहेब तर फारच मृदू आवाजात म्हणाले, "आमचा संबंध यंत्रांशी नाही हो, माणसांशी येतो. आमच्याकडे सगळं नाजूक असतं." आणि त्यांनी आपलं सॉफ्टवेअर या भानगडीतून वगळून घेतलं. या वगळण्याकडे लक्ष ठेवा.

पुढच्या बैठका रंगावर गेल्या. मालकांच्या सूनबाईंना जांभळा आवडतो, अशी बातमी कुठूनशी आली. मग जांभळ्या छटांचे तक्ते आले. वांग्याचा जांभळा, जांभळाचा जांभळा, लोकांनी आपापल्या पत्नीच्या साड्यांचे दाखले दिले. बटण कुठे असावं यावर कोणी चकार शब्द काढला नाही. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला की सोलापुरात एका बाईची नोकरी या कोपऱ्यावर अडकलीय. एक प्रमुख म्हणाले, "हो हो, ते आहेच, पण आधी ब्रँड ठरू द्या." शेवटी सूनबाई स्वतः एकदा बैठकीला आल्या आणि म्हणाल्या की त्यांना जांभळा बिलकूल आवडत नाही. सगळ्यांचे चेहरे असे झाले की मला आजही आठवून बरं वाटतं. त्या गडबडीत मी माझे नियम मंजूर करून घेतले.

मग खरं काम सुरू झालं आणि ते मी आपांच्या शेजारी बसून केलं. याचा अर्थ आपा म्हणतील ते सगळं मी ऐकलं असं नाही. त्यांना प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात गुलाबाचं फूल हवं होतं. सूचना आली की अझानसारखा नाही तरी निदान मोटारीच्या हॉर्नसारखा आवाज व्हावा, असं त्यांचं ठाम मत होतं. दोन्ही गोष्टी मी नाकारल्या आणि दोन दिवस त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. पण जिथे त्यांचं खरं होतं तिथे खरंच होतं. जुन्या स्क्रीनवर काहीही करायला गेलं की इंग्रजीत एक प्रश्न यायचा, 'आर यू शुअर?' आपा म्हणाल्या, "सकाळधरनं इचारतंय. पोलीस बी एवडं इचारत न्हाईत. मी न वाचताच व्हय म्हनून मोकळी हुते." ते आम्ही काढून टाकलं. आता विचारायचं ते फक्त धोक्याच्या वेळी आणि पुऱ्या वाक्यात: 'ही गाडी अजून रस्त्यावर आहे. फेरी बंद केली तर ड्रायव्हरचं डिझेल कार्ड थांबेल. तरी बंद करायची?' आणि फेरी बंद करायचं बटण गेलं पार डावीकडे, एकटं, लाल. खालचा उजवा कोपरा सगळ्या स्क्रीनवर 'जतन करा'चा. सवयीने हात गेला तरी नुसतं जतन होईल, काही बिघडणार नाही.

एका रंगावर मात्र आम्ही दोघी खूप वेळ अडलो. काही बटणं काही वेळा दाबता येत नाहीत. जसं, गाडी सुटलीच नसेल तर फेरी बंद करता येत नाही. आमच्या प्रोग्रामर मंडळींचं म्हणणं, मग ते बटण दाखवूच नका. माझं म्हणणं, लपवलं तर माणूस शोधत बसतो, घाबरतो. बटण दिसू द्यावं, पण आत्ता ते मिटलेलं आहे हे कळावं. त्यासाठी राखाडी रंग. पण राखाडी कोणता? गडद केला की आपा दाबत राहायच्या आणि कॉम्प्युटर बंद पडला म्हणून ओरडायच्या. फिका केला की म्हणायच्या, "कुटाय बटण? मला तर भिंतच दिसतीय." मी एक एक छटा लावून दाखवत गेले. शेवटी एका छटेवर त्या थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यो बरा हाय," त्या म्हणाल्या. "दिसतंय बी, आन दाबायचा मोह बी हुईना."

तोच रंग आज कंपनीच्या सगळ्या स्क्रीनवर आहे. हेड ऑफिसच्या कागदात त्याला एक इंग्रजी आकड्यांचं नाव आहे. माझ्या लेखी तो आपांचा राखाडी.

नवीन स्क्रीन सोलापुरात पहिल्यांदा चालू झाल्या त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. आदल्या दिवशी आपांनी सगळ्यांच्या काचेवरच्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या होत्या. खालची दुकानवाली नंतर मला विचारत होती, आपा नाराज आहेत का माझ्यावर, पाकीट न्यायलाच येईनात.

आणि चुका थांबल्या. अगदी खरं सांगते, मला इतकं होईल असं वाटलं नव्हतं. हणमंतचा एकदा फोन आला तो फक्त हे विचारायला की आपा आजारी आहेत का, कारण बऱ्याच दिवसांत मोहोळला थांबायची वेळ आली नव्हती. तिसरा मेमो काही निघाला नाही. मी पुण्याला जाऊन मोठ्या पडद्यावर सगळं मांडलं. 'सोलापूर मॉडेल' असं त्याला कोणीतरी नावही दिलं. माझ्या मांडणीतलं एक वाक्य सगळ्यांना फार आवडलं, मलाही आवडलं होतं. 'सगळ्या शाखांच्या स्क्रीन सारख्या झाल्यामुळे आता कोणताही कर्मचारी कोणत्याही शाखेत पहिल्या दिवसापासून काम करू शकतो.' त्यावर टाळ्या पडल्या. लिमयेसाहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं.

थोड्याच दिवसांत आपा माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात छापलेला ईमेल. अभिनंदन, तुमच्या उत्कृष्ट कामाची दखल घेऊन तुम्हाला वरिष्ठ पद देण्यात येत आहे, नव्या पद्धतीचा प्रसार करण्यासाठी तुमची नेमणूक करमाळा शाखेत करण्यात येत आहे.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "चुका केल्या आसत्या तर करमाळा. चुका थांबल्या तर बी करमाळा. मग मी कुटं चुकले ते तरी सांगा की."

मी त्याच दिवशी लिमयेसाहेबांना फोन लावला. ते खूश होते. म्हणाले, "तुमच्याच आपांना बढती दिलीय, तोंड गोड करा!" मी घरची परिस्थिती सांगितली. ते जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "पण तुम्हीच म्हणालात ना, कोणीही कुठेही बसू शकतो?" मी म्हटलं, "साहेब, मी स्क्रीनबद्दल बोलत होते. बहिणीची कूस बदलायला कोणीही कुठूनही बसू शकत नाही." माझा आवाज चढला होता. फोन आपटावासा वाटत होता, पण मोबाइल आपटण्याची सोय नसते.

लिमयेसाहेब वाईट माणूस नव्हते हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. "तुमचं बरोबर आहे. बदली रद्द. मी तसं पत्रही काढलं." मी आपांना सांगितलं. आपांनी त्या दिवशी शाखेला मिसळपाव खाऊ घातली.

दोन दिवसांनी आपा सकाळी आल्या आणि दारातल्या हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं. यंत्र ओळखेना. पुन्हा पुसून ठेवलं, तरी नाही. चौकशी केली तर कळलं की पत्र निघालंय पण सिस्टिममध्ये आपा करमाळ्यातच आहेत. मी पुण्याच्या मनुष्यबळ खात्यातल्या मुलीला फोन केला, म्हटलं, सिस्टिममध्ये रद्द कर ना. ती म्हणाली, "मॅडम, रद्दचं बटणच नाहीये."

मला वाटलं ती शोधत नसेल नीट. माझ्याकडे तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. खरंच नव्हतं. बदली करायला मोठं जांभळं बटण होतं. पण झालेली बदली परत घेण्याचं काहीच नव्हतं, कारण जेव्हा कधी कोणी ते सॉफ्टवेअर केलं तेव्हा बदली चुकू शकते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याने केलं तो ठेकेदार कधीच काम सोडून गेला होता. आणि आमच्या डिझाइन सिस्टिमच्या ज्या सामानात प्रत्येक बटणाला त्याचं उलट बटण द्यायचा नियम होता, ते सामान या खात्याने वगळलं होतं, कारण त्यांच्याकडे सगळं नाजूक असतं.

मग पर्याय शोधले. करमाळ्याहून सोलापूरला नवी बदली करायची, तर आधी करमाळ्याला रुजू व्हावं लागतं. रुजू झाल्यावर ठरावीक काळ तिथे काढावा लागतो. शिवाय चुका थांबल्यामुळे सोलापूरच्या टेबलाला एवढी माणसं नकोत असं कोणीतरी वर ठरवलं होतं, तेव्हा इथली जागाच कमी झालेली. लिमयेसाहेब खरोखर कासावीस झाले. म्हणाले, "तुमची ती सिस्टिम आमच्याकडे आणा. ताबडतोब. मी उद्या मान्यता घेतो."

उद्या म्हणजे आमच्या कंपनीतला उद्या. मान्यतेसाठी बैठक लागली. बैठकीत कोणीतरी विचारलं, मनुष्यबळाच्या बटणांचा रंग थोडा उबदार नको का? मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू. नंतर डोळे पुसून आत येऊन म्हटलं, उबदार चालेल.

इकडे आपांची गैरहजेरी आपोआप लागत होती. आपोआप खुलाशाची पत्रं येत होती. त्यांनी एक दिवस करमाळा करूनही पाहिलं. शेजारणीला बहिणीपाशी बसवलं, पहाटेची एसटी धरली, त्या पत्र्याच्या शेडमध्ये सही केली आणि परत आल्या तोवर बहिणीने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. शेजारणीच्या हातून ती तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी आपा आल्या त्या राजीनामा घेऊनच. मी दोन्ही हात धरले, म्हटलं, "थोडं थांबा, बटण येतंय." त्या म्हणाल्या, "तुमचं बटण येईल वो. तिची कूस कोन बदलनार, तवर?"

त्या गेल्यावर त्यांच्या स्क्रीनच्या काचेवर मला काळ्या टिकलीचा डिंक दिसला. नीट निघाला नव्हता. मीही तो काढला नाही.

मनुष्यबळ खात्याच्या नव्या स्क्रीन अखेर झाल्या. सुंदर झाल्या, हे मी धंद्याच्या नजरेने सांगते. बदलीच्या शेजारी 'बदली मागे घ्या' असं बटण, पुऱ्या वाक्यातली सूचना, सगळं रीतसर. लिमयेसाहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "पहिला मान तुमच्या आपांचा. तुमच्या हाताने दाबा." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी आपांचं नाव टाकलं. माहिती उघडली. बटण होतं. राखाडी होतं. नोकरीत नसलेल्या माणसाची बदली मागे घेता येत नाही, हा नियम योग्यच आहे, नियम करायला मी असते तरी मीही तोच केला असता. लिमयेसाहेबांनी तरी एकदा दाबून पाहिलं. पुन्हा नोकरीवर घेता येतंय का तेही पाहिलं, पण आपांचं वय आता नियमात बसत नव्हतं.

मी परत सोलापूरला आले. आपा सात रस्त्यावरच असतात, लांबच्या नात्यातल्या एका भाच्याच्या टेम्पो सर्व्हिसच्या गाळ्यात. घर जवळ, दुपारी जाऊन येता येतं. गिऱ्हाईक बसलेलं होतं, ते गेल्यावर त्यांनी मला चहा मागवला. समोर जुना कॉम्प्युटर, त्यावर कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर, बटणं वाटेल तिथे. आणि काचेवर टिकल्या. लाल, काळ्या, एक चंदेरीसुद्धा. आमच्या ऑफिसखालच्या दुकानवालीचा धंदा पुन्हा सुरू झाला होता.

"झालं का तुमचं बटण?" त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचं नाव, त्यांचा फोटो, करमाळा, आणि त्याखाली ते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. बोट काचेपाशी नेलं आणि तसंच मागे घेतलं.

"दिसतंय बी," आपा म्हणाल्या, "आन दाबायचा मोह बी हुईना." मग माझ्याकडे बघून हसल्या. "रंग आपन बराबर निवडला हुता की, मॅडम."